एका माणसाची बरणी

कोपऱ्यावरच्या हातगाडीवर काल कैऱ्या आल्या. दिसण्याआधी त्या मला ऐकू आल्या. फळीला ठोकलेल्या मोठ्या अडकित्त्यात कैरी धरून दांडा खाली दाबला, की कोय फुटतानाचा आवाज तिसऱ्या मजल्यावर पंख्याच्या घरघरीतही मला बरोबर कळतो. कान अजून शाबूत आहेत. माझी नोकरीच कानांची होती म्हणा. मी चपला घातल्या, खाली उतरले आणि अर्धा किलो फोडून मागितल्या.

"अर्ध्या किलोसाठी अडकित्ता चालवू व्हय, आज्जी? घरी इळीवर चिरा की," गाडीवाला म्हणाला.

"कोय इळीवर तू चिरून दाखव, मग पाच किलो घेते," मी म्हटलं.

तो हसला, कैऱ्या फोडून दिल्या आणि वर एक जास्तीची टाकली. ती मी परत केली. म्हातारी मानी आहे असं त्याला वाटलं असणार. तसं काही नाही. माझ्या बरणीत ती मावत नाही, एवढंच.

सोलापूरच्या उन्हाला लोक नावं ठेवतात. बाहेरगावचा पाहुणा चैत्रात स्टेशनावर उतरला की आधी "बाप रे" म्हणतो आणि मग आमची चौकशी करतो. पण ज्याला लोणचं घालायचं आहे त्याला असं ऊन दुसरीकडं मिळायचं नाही. ह्या उन्हात ओल म्हणून राहत नाही. कपड्यात नाही, भिंतीत नाही, माणसाच्या बोलण्यातसुद्धा नाही. दुपारी फरशीवर पाय ठेवला की माणूस आपोआप खरं बोलतो. मी हळदीचा डबा उघडला, तिखट हात पोळेल असं लाल होतं, आणि फोडींवर मीठ पडल्याबरोबर तो आंबट, हिरवा वास उठला. त्या वासासरशी सत्तरच्या दशकातला तो उन्हाळा आला. दर वर्षी येतो, मी त्याला बोलावत नाही.

बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. लोक अजूनही तांब्यातलं पाणी ओतताना हात आखडता घेत. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते आणि भवानी पेठेत गौराक्काच्या माडीवर एका खोलीत राहत होते. खाली गौराक्काचं भरलेलं घर: नवरा, मुलगे, सुना, नातवंडं आणि त्यांत न मोजलेले पाहुणे. शेजारच्या घरातल्या मागांचा खटखटाट दिवसभर भिंतीतून यायचा. गौराक्काचं माहेर मंद्रूपचं. घरात कानडी, जगाशी मराठी आणि रागावली की दोन्ही. सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसली, की डोळे मिटलेले असत आणि भुवया मात्र सुनांना कामं सांगत असत. मला ती 'तंगी' म्हणायची. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. ती माझ्या आईच्या वयाची होती, पण मला लेक म्हणण्यात जबाबदारी येते आणि बाई म्हणण्यात भाडेकरू येतो, म्हणून तिनं हे मधलं नातं काढलं असावं.

आता बरणीचं सांगते. बरणी माझी होती. खाली पांढरी, गळ्याशी तपकिरी, लहान मूल आत बसेल एवढी. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं ती घेतली होती, बस्ता बांधायच्याही आधी. जेऊरच्या आमच्या घरात यावरून सगळे तिला हसले. आई म्हणाली, "हसा. लुगडी इरत्यात. बरनी नातसून येईस्तवर टिकती." मग मुलाकडच्या लोकांनी दुसरीकडची मुलगी केली. कारण त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. लुगडी घरातल्या घरात वाटली गेली, बरणी मात्र कोपऱ्यात उभी राहिली. पुढं भावाचं लग्न झालं, वहिनी आपल्या बरण्या घेऊन आली, मला नोकरी लागली. जेऊरहून गाडीत बसवताना आईनं वाकळीत गुंडाळलेली ती बरणी माझ्या मांडीवर ठेवली.

"आई, एकटीला एवढी कशाला?"

"एकटी एकटी म्हनू नगं. भरून ठीव. भरल्याल्या घराकडं मानसं येत्यात."

लोणचं मला काही फार आवडत नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. दुपारचा डबा खानावळीतून यायचा, त्यात कडेला फोड असायचीच. मला हवी होती ती स्वतःच्या हाताची, स्वतः बांधलेली वर्षाची बरणी. बिऱ्हाड कोणाचंही असतं. वर्षाचं लोणचं घालते तिचं मात्र घर असतं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्या उन्हाळ्यात गच्चीवर मी कैऱ्यांचा विषय काढला, तेव्हा गौराक्काच्या सुना आणि शेजारच्या बाया एका सुरात म्हणाल्या, "एकटीला कशाला? वाटीभर घेऊन जा की आमच्यातलं!" त्या प्रेमानं म्हणत होत्या. पण 'वाटीभर' हा शब्द मला तिखटासारखा लागला. मी म्हटलं, नाही, माझी मी घालणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौराक्कानं मला गच्चीवरून हाक मारली, "बरनी घिऊन ये वर."

तिच्याकडं बरणी तयार करणं म्हणजे नवरीला हळद लावण्याइतकं सावकाश काम. आधी बोटाच्या पेरानं बरणीवर टकटक. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर कुठंतरी केसाएवढी चीर आहे आणि त्या चिरेत जुनं तेल बसलेलं आहे. माझी खणखणीत वाजली. मग चुलीतली चाळलेली राख, मग कढत पाणी, मग ऊन. आधी पालथी, मग उताणी, मग आडवी करून तोंड सूर्याकडं. वाळली हे हात घालून बघायचं नाही, हाताला घाम असतो. भाजलेल्या पापडाचा तुकडा आत टाकायचा, झाकण लावायचं आणि संध्याकाळी काढून मोडायचा. कडक मोडला तर बरणी वाळली. वातड झाला तर उद्याचं ऊन.

शेवटी धुरी. निखाऱ्यावर हिंगाचा खडा आणि थेंबभर तेल टाकलं की जो धूर येतो, त्यावर बरणी पालथी घालायची. धूर बाहेर गळू लागला की पटकन सुलटी करून झाकायची. मीठ भाजून गार करायचं. करडईचं तेल धूर येईस्तवर तापवायचं आणि पार गार होईस्तवर त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही. "कोमट तेल घातलं की झाकनाला घाम येतो, तंगी. घाम आला की संपलं," ती म्हणायची. घामाशी तिचं जन्माचं वैर होतं.

आणि तिच्या घरातली एक रीत होती. ज्याची बरणी त्यानं एकट्यानं बांधायची आणि बांधताना तोंडातून शब्द काढायचा नाही. मी विचारलं, "देवाचं काही असतं का, अक्का?"

"देवाचं कशाला? बोललं की थुंकी उडती. दोन बाया जवळ उभ्या ऱ्हायल्या की बोलल्याबिगर ऱ्हात्यात व्हय?"

म्हणून मी माझ्या खोलीत, दार लोटून, एकटीनं ती बरणी भरली. कैऱ्या दीड-दोन किलोच्या होत्या. त्याहून जास्त घेऊन खाणार कोण, एवढा हिशेब मला कळत होता. गौराक्कानं सांगितलेल्या प्रमाणात मीठ, तिखट, मोहरी घातली, त्याच प्रमाणात तेल ओतलं, झाकण ठेवलं आणि वरून मांजरपाटाचा दादरा बांधला. सुताची गाठ इतकी नेटकी बसली की मी मागं सरून तिच्याकडं बघत राहिले. बाहेरून ती बरणी एखाद्या आठ माणसांच्या घरातली वाटत होती. खालच्या सुना बघायला आल्या आणि मान डोलावून गेल्या. गौराक्कानं गाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "झ्याक." त्या दिवशी मला सोलापूर आपलं वाटलं.

एक्स्चेंजमध्ये दिवसभर माझ्या कानात माणसं असत. नांदेडचा आडत्या, पुण्याचा जावई, मुंबईची मावशी. "बोला, लाइन जोडून दिली आहे," असं म्हटलं की ती माणसं एकमेकांवर तुटून पडत आणि मी बाजूला व्हायची. घरी आलं की कान रिकामे. रविवारचा दिवस तर अंगावर यायचा. खाली गौराक्काकडं भाकऱ्या थापल्याचा आवाज, कानडी भांडण, मुलांची रडारड. वर मी आणि बरणी. खोटं कशाला सांगू, मी तिच्याशी बोलायची. "काय बाई, मुरतेस ना?" असं काहीतरी. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी, खार सुटला का बघावं म्हणून मी दादरा सोडला. झाकण उचललं आणि ओल्या पोत्यासारखा वास आला. फोडींवर पांढरी साय धरली होती, मधूनमधून हिरवट ठिपके होते. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब लोंबत होते.

मी रडले वगैरे नाही. मला भीती वाटली. आमच्याकडं म्हणतात, एखादीच्या हाताला गुण नसतो. तिनं घातलेलं नासतं, तिनं लावलेलं जळतं. माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि आता हे. खालच्या सुनांना जोडून बघायला कितीसा वेळ लागणार? त्यांच्या आधी मीच जोडलं. बरणी उचलली आणि तडक गौराक्काच्या स्वैपाकघरात नेऊन ठेवली. म्हटलं, जे काय म्हणायचं ते हिनंच म्हणावं.

गौराक्कानं आत डोकावलं, मग माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा आत. "अय्य शिवने! तंगी, ही तर रिकामीच हाय की गं!"

"लोणचं आहे ना आत."

"हाय, पन कुटं? तळाला." बरणी किती खोल आहे ते तिनं हात लांब करून दाखवलं. "वर बघ किती हवा ठिवलीस. त्या हवेला घाम येतो आनि फोडीवर पडतो. आनि तेल बघ. पोट लई रुंद, तेल पसरून गेलं, फोडी उघड्या पडल्या. फोडीवर बोटभर तेल उभं पायजे. गळ्यापातूर भरल्याबिगर बरनी टिकत न्हाई."

"म्हणजे माझा हात..."

"हाताला काय झालंय? वाळवलीस झ्याक, धुरी झ्याक, गाठ तर माज्या सुनंपेक्षा झ्याक." हे तिनं सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "चूक येवढीच, बरनी मोठी."

जीव भांड्यात पडला आणि लगेच दुसरंच काहीतरी टोचलं. मी म्हटलं, "मग आणखी कैऱ्या आणते. भरते गळ्यापर्यंत."

"खानार कोन?" ती म्हणाली आणि म्हटल्यावर तिचं तिलाच उमगलं. पदरानं तोंड पुसत ती घाईनं बोलली, "आमचं घालू की तुज्या बरनीत. दोघींचं मिळून भरंल. हितं खाली ठिवू, तुला लागंल तसं घिऊन जा."

मनापासूनचं बोलणं होतं ते. मी क्षणभर हो म्हणणारही होते. पण मला पुढचं दिसलं. माझी बरणी तिच्या फडताळात, आणि मी जिन्यावरून वाटी घेऊन उतरतेय. मी म्हटलं, "नको अक्का. मी लहान बरणी घेते."

पाऊस तोंडावर होता, कैऱ्या संपत आल्या होत्या. आम्ही दोघी बाजारात गेलो. बरणीवाला कडब्यात रचलेल्या बरण्या काढून काढून वाजवत बसला होता. ते लोक मापाचं विचारत नसत. किती शेर, किती किलो असलं काही नाही. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार धर," गौराक्का माझ्या आधी म्हणाली. "आलं-गेलं धरून चार."

"एक," मी म्हटलं.

घरात एकच माणूस आहे हे मी रोज जगत होते, पण तोपर्यंत कुणासमोर मोठ्यानं म्हटलं नव्हतं. बाजारातल्या गलक्यातही तो शब्द मला माझ्याच कानात ऐकू आला, दुसऱ्या कुणाची लाइन जोडावी तसा. बरणीवाल्यानं कडब्यात हात घालून बराच वेळ चाचपडलं. "एका माणसाची बरणी येत न्हाय, बाई," तो शेवटी म्हणाला. "तुपाची हाय बारकी. चालंल का बघा." मी वाजवून बघितली. खणखणीत होती. गौराक्का येताना रस्ताभर उन्हाबद्दल बोलत राहिली.

आता इतक्या वर्षांनी लोक मला म्हणतात, तुमचं बरं आहे, एकटा जीव सदाशिव. तसं बरंच आहे, मी तक्रार करत नाही. पुढं दोनतीन स्थळं आली, काही मी नाकारली, काहींनी मला. पेन्शन मिळते, भिंती माझ्या आहेत, पंखा माझ्या मर्जीनं फिरतो. गौराक्का गेली, तिच्या घराच्या जागी चादरींची दुकानं झाली. पण एकटेपणा सगळ्यांना वाटतो तसा माणसं नसल्याचा नसतो. माणसं येतील म्हणून वर जी जागा राखून ठेवलेली असते, तिचा तो असतो. त्या जागेलाच घाम येतो आणि तो खाली, आहे त्यावर पडत राहतो. हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. कळलं म्हणून दुखायचं थांबलं असं मात्र नाही.

तुपाची बरणी मी पुन्हा सगळं करून भरली. राख, ऊन, पापड, धुरी. ह्या वेळी फोडी गळ्याशी आल्या आणि बोटभर तेल वर उभं राहिलं, त्यात खिडकी दिसत होती. दादऱ्याला मांजरपाटाचा रुमालाएवढा तुकडा पुरला. मोठी बरणी धुऊन, वाळवून मी कोपऱ्यात पालथी घातली. तिच्याशी बोलणं मी बंद केलं.

नागपंचमीला पोरी माहेरी जातात. मला रजा मिळाली नाही, म्हणून त्या वर्षी माहेरच माझ्याकडं आलं. आई लाह्यांचं गाठोडं घेऊन सकाळच्या गाडीनं उतरली. खोलीत आल्या आल्या तिनं चारी बाजूंनी बघितलं. कोपऱ्यातली पालथी बरणी बघितली, फळीवरची चिमुकली बघितली, आणि पाय धुवायला गेली.

जेवताना मी तिच्यासमोर दादरा सोडला. वास असा सुटला की खालून गौराक्का ओरडली, "टिकलं की गं, तंगी!" आईनं पुरणाच्या दिंडाबरोबर एक फोड खाल्ली, मग भाकरीबरोबर आणखी एक. "लई झ्याक झालंय," ती म्हणाली. "माज्यापरीस झ्याक." मग ताटातल्या तेलात बोट फिरवत, खालीच बघत म्हणाली, "मोठीत का न्हाय घातलंस?"

"टिकत नाही आई. माझ्यापुरतं तिच्यात टिकत नाही."

तिनं बोट चाटलं. पाणी प्यायली. माझ्या चेहऱ्याकडं तिनं बघितलं नाही, ह्याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे. ताट बाजूला सारत म्हणाली, "जाताना घिऊन जाते मी ती. वैनीला लागंल. हितं उगं जागा आडवती."

वहिनीकडं बरण्या पुष्कळ होत्या. ते दोघींना ठाऊक होतं. महिनाभर ती बरणी डोळ्यांसमोरून जावी असं मला वाटत होतं, आणि आता आई नेते म्हणाली तर धावत जाऊन तिला मिठी मारावी, राहू दे म्हणावं, पुढच्या वर्षी भरेल म्हणावं, असं वाटलं. आईनंही तेच म्हणावं असं फार फार वाटलं. तिनं म्हटलं नाही. मी म्हटलं, "बरं."

दुसऱ्या दिवशी स्टेशनावर मी तिला खिडकीशी जागा पकडून दिली. वाकळीत गुंडाळलेली बरणी तिनं मांडीवर घेतली. मी प्लॅटफॉर्मवर गजांना धरून उभी होते. समोरच्या बाकावरच्या बाईनं बरणीकडं बोट करून विचारलं, "लोनचं का ओ, मावशी?"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "लेकीनं घातलंय. वर्साचं हाय."

"येवढी मोठी? नशीबवान हायसा. लेकीचं घर मोठं दिसतंय."

"मोठं हाय की," आई म्हणाली. गाडीनं धक्का दिला तशी तिनं बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरली, जराही कलू न देता, आतलं तेल सांडेल अशा काळजीनं. मग गाडी निघाली, आणि मी ड्यूटीला गेले.